डायलिसिस आणि भावकीचा चहा

चेहरा भरला

माझा चेहरा भरायला लागला तेव्हा मी खूश झाले होते, हे आधी सांगून टाकते. आयुष्यभर वाळल्या भेंडीसारखी राहिलेली बाई. साठी ओलांडल्यावर गाल वर आले, डोळ्यांखालच्या सुरकुत्या गेल्या, तर आरशापुढून हलायला तयार नव्हते. सुनेला म्हणायची, "सुरेखा, तुझ्या हातचं मानवलं बघ मला." सकाळी डोळे सुजलेले दिसले की म्हणायची, झोप झकास लागली. चपलेचा पट्टा पायात रुतला की म्हणायची, हल्ली चपलाच बेकार येऊन राह्यल्या.

सुरेखा जालन्यात एका पतसंस्थेत नोकरी करते. हिशोबाची बाई, तिला उगाच वाढलेलं काही पटत नाही. एका रविवारी तिनं माझी नडगी अंगठ्यानं दाबली आणि अंगठा उचलून बघत बसली.

"आई, खड्डा पडला. भरून येऊन नाही राह्यला."

"मंग दाबू नको ना."

दवाखान्यात डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि माझ्याकडे न बघता माझ्या मुलाशी, बाळूशी, इंग्रजीत बोलले. बाळूची मान हळूहळू खाली गेली. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय म्हणले रे?

"काही न्हाई आई. जरासं इन्फेक्शन हाय."

सुरेखा मागून येत होती. तिनं माझा हात धरला आणि बाकावर बसवलं. "आई, दोन्ही किडन्या गेल्यात. मशीनवर रक्त धुवावं लागंल. आठवड्यातून दोनदा तरी. जन्मभर."

बाळू भडकला. "तुला कुणी सांगाया लावलं?"

"किडन्या त्यांच्या हायत ना? मंग त्यांना नको कळाया?"

दोघं तिथंच भांडायला लागले. मी मधोमध बसून भिंतीवरच्या पोस्टरमधलं हसरं बाळ बघत राहिले. भीती वाटली का? वाटली. पण खरं सांगू, पहिल्यांदा वाटली ती लाज. एवढे दिवस आरशात बघून मी ज्याच्यावर भाळले होते, ते पाणी होतं.

डॉक्टरांनी गुडघ्याच्या गोळ्यांचं विचारलं. मी वर्षानुवर्षं मेडिकलवरून मनानंच घेत आले होते. काम जास्त असेल त्या दिवशी जास्त. डॉक्टर म्हणाले, बीपीही होतंच, सगळा दोष गोळ्यांचा नाही. तरी वाचणारणींनो, तुमच्या डब्यात त्या गोळ्या असतील तर आजच डॉक्टरांना दाखवा.

मुकादमीण

मी कोण होते ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमचं गाव अंबड तालुक्यातलं. ऐन उमेदीत मी कपाशीच्या सीड प्लॉटवर बायकांच्या टोळीची मुकादम होते. बियाणं तयार करायचं काम मोठं नाजूक. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर हुडकायची, तिच्यातला नर नखानं सोलून काढायचा, खुणेला लाल चिठ्ठी लावायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचं फूल आणून त्याचा पराग तिच्यावर फिरवायचा. एक दिवस चुकला की कळी वाया. म्हणून बायकांना ऊन, ताप, घरचं भांडण काहीही असलं तरी ओळीत उभं ठेवायचं, हे माझं काम.

मी नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट लुगड्यावर घालायची आणि गळ्यात शिट्टी अडकवायची. मला वाटायचं, मी जनरल आहे. आज डोळ्यांपुढं आणलं तर जत्रेतलं सोंग दिसतं.

माझा धीर देण्याचा प्रकार एकच, टोमणे. "ए कमळे, फुलाला हळद लावून राह्यली का मयताला चालली?" असं म्हटलं की बाई हसायची आणि हात चालायला लागायचा. एकदा मलाच ताप भरला. तरी मी शिट्टी घेऊन गेले, कारण मी नसले तर प्लॉट बसेल असा माझा पक्का समज. बांधावर चक्कर येऊन पडले, बायकांनी उचलून घरी टाकलं. बरी होऊन परत गेले तर काम दोन ओळी पुढं. कमळ म्हणाली, "आक्का, तू नव्हती तर कानाला लई बरं वाटलं." मालकाला तर मी नव्हते हेच ठाऊक नव्हतं.

पंख्यावरची धूळ

मशीनसाठी डाव्या हातात एक छोटं ऑपरेशन करतात, त्याला फिस्टुला म्हणतात. शीर फुगते आणि हात लावला की आत भुंगा अडकल्यासारखी गुणगुणते. तो हात मग जपायचा. त्यात ओझं नाही, बीपीचा पट्टा नाही, बांगड्या नाहीत. गुणगुण थांबली तर मशीन लावायची वाटच बंद.

पहिल्या दिवशी मी खाटेवर आडवी झाले आणि टेक्निशियन सचिननं सुई काढली. सुई कसली, दाभण. शिट्टीवाली जनरल डोळे फाडून सुईकडं बघत राहिली.

शेजारच्या खाटेवरून आवाज आला, "आक्का, सुईकडं नका बघू. पंख्याकडं बघा. केवढी धूळ हाय त्याच्यावर. झाडणाऱ्याला नावं ठेवा."

मी पंख्याकडं बघितलं. खरंच शिसारी येईल एवढी धूळ. मी नावं ठेवायला लागले आणि सुई आत गेलेली कळली नाही.

ही वंदना. तिशीतली, केदारखेड्याहून आत असलेल्या एका खेड्यातली. घरी शिलाई मशीन, गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. नवरा पुण्याला कंपनीत, घरात सासू आणि शाळेत जाणारी मुलगी. तिला माझ्या आधी काही महिने मशीन लागली होती. आमच्या दोघींच्या मशीनच्या पाळ्या एकाच दिवशी. चार तास शेजारी पडून राहायचं म्हणजे लग्नाच्या बायकोसारखं एकमेकींचं सगळं माहीत होतं. पेटके आले की ती मला सांगायची, पाय कसा ताणायचा. माझं बीपी खाली गेलं की माझ्या आधी तिला कळायचं, ती सचिनला हाक मारायची. मी तिला प्लॉटवरच्या गोष्टी सांगायची आणि ती मशीनचा अलार्म वाजेपर्यंत हसायची.

घरी मात्र हसू नव्हतं. किडनी गेलेल्या माणसाला पाणी मोजून. दिवसाची एक बाटली, चहा-वरण त्याच्यातच धरायचं. सुरेखा रोज सकाळी बाटली भरून ठेवायची आणि जाता-येता तिच्याकडं बघायची. भेटायला येणारे प्रेमानं शहाळी आणायचे. आम्हांला तेच वर्ज्य, त्यातलं पोटॅशियम हृदयावर जातं. ती शहाळी सुरेखा त्यांच्याच हातात परत द्यायची आणि नातलगांत वाईट व्हायची. एकदा मी मोरीत तोंड धुताना दोन घोट गिळले. सुरेखानं बघितलं. थोड्या वेळानं स्वयंपाकघरात ती भांड्यांच्या आवाजाआड रडत असल्याचं कळलं.

"काय झालं गं?"

"मी सून होते आई. आता जेलर झाले."

त्या दिवसापासून मी चोरून प्यायचं सोडलं. तहान लागली की चूळ भरून थुंकायची, नाहीतर बर्फाचा लहानसा खडा गालात धरायचा. तेवढ्यानं भागतं. भागवावं लागतं.

रिकामी खाट

उन्हाळा चढला आणि एका पाळीला वंदना आली नाही. सचिन म्हणाला, सासूनं फोन उचलला, म्हणली पाहुण्यांकडं गेलीय. पुढच्या पाळीलाही नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिच्या खाटेवर दुसराच एक माणूस यायला लागला.

मी रोज तिला फोन लावायची; शेवटी एकदा तिनंच उचलला.

"आक्का, मशीनची... सवय लागती म्हणतेत. एकदा लागली की... सुटत न्हाई. भावकीतल्या एकाच्या वळखीनं... झाडपाल्याचं सुरू केलंय. बरं वाटून... राह्यलं."

तिला एक वाक्य एका श्वासात संपवता येत नव्हतं. ते मला नवं नव्हतं. पाणी फुप्फुसांपर्यंत चढलं की असंच होतं.

"झोपती कशी?" मी विचारलं.

"बसून."

मी फोन ठेवला आणि सुरेखाला म्हटलं, उद्या सुट्टी घे. बाळूला सांगू नको.

"उद्या कशाला? परवा तुमचीच पाळी हाय. मध्ये एवढे दिवस गेलेत, पाय बघा तुमचे."

"माझे पाय परवापर्यंत टिकतेत. तिचा दम टिकत न्हाई."

घरोघरी

भाड्याची गाडी करून आम्ही सकाळीच निघालो. राजूर गेलं, केदारखेडा गेलं, मग आतला रस्ता. ऊन डोक्यावर चढत होतं आणि घशाला कोरड. वंदनाच्या सासूचं, पारूबाईचं, घर गावाच्या तोंडालाच. बाई सत्तरीची, ताठ. दारातच तांब्या पुढं आला. मी तोंड धुतलं, चूळ भरली. मग चहा आला.

वंदना आतून चौकटीला धरून उभी राहिली. मी तिला ओळखलं ते साडीवरून. चेहरा फुगून डोळे बारीक झालेले. आणि डाव्या हातात, फिस्टुलाच्या हातात, मनगटापासून वरपर्यंत हिरव्या बांगड्या रुतून बसलेल्या.

"पारूबाई, त्या हातात बांगड्या घालायच्या न्हाईत. डॉक्टरानं सांगितलंय."

"डॉक्टराला काय, त्याला भावकीत ऱ्हायाचंय का? माझा पोरगा जिता हाय अन् हिचा हात बोडका. हळदी-कुंकवाला बायका तोंडावर इचारत्या." पारूबाईनं डोक्यावरचा पदर ओढला. "अन् ती मशीन म्हंजी दारू हाय. एकदा लागली की सुटत न्हाई."

"मंग भाकर बी सोडा. ती बी लहानपणापासून लागलीय."

बाई हसली नाही. प्लॉटवर हमखास चालणारा टोमणा इथं मातीत पडला. ती म्हणाली, "माझ्या एकटीच्या हातात हाय का? थोरल्या जाऊबाईला इचारा. त्या हो म्हणल्या तर मी कोण?"

आमच्याकडं असं असतं. सून एका घरची नसते. आणि भावकीत एका घरचा चहा घेतला की दुसऱ्या घरचा नाकारता येत नाही. नाकारला तर त्या घराचा अपमान, आणि अपमान झालेलं घर 'हो' कसं म्हणेल? मी थोरल्या जाऊबाईंकडं गेले. चहा. त्या म्हणाल्या, माझी ना न्हाई, पण चुलत सासऱ्यांच्या कानावर घाला. चुलत सासरे लिंबाखाली बाजेवर. त्यांनी आधी ताकाचा पेला मागवला. मी ओठ लावून खाली ठेवला तर म्हणाले, "आमचं ताक आंबट हाय का बाई?" पेला संपवला. मग चहा. मग म्हणाले, "न्या की. पण शेजारच्या घरी सांगा, न्हाईतर म्हणतील आम्हांला धरलंच न्हाई."

सुरेखा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, बशी खाली ठेवा. पाया पडते तुमच्या."

"गप. बशी ठेवली की बोलणं बी संपलं."

"तुम्हांला दम लागून राह्यलाय."

"उन्हाचा."

मला ठाऊक होतं तो उन्हाचा नाही. पायऱ्या चढताना छातीवर कुणी हळूच पाटा ठेवल्यासारखं व्हायला लागलं होतं. पण प्रत्येक घरात एक होकार मिळत होता आणि मी मुकादम होते. अर्धी ओळ सोडून मुकादम घरी जातो का?

शेवटचं घर त्या माणसाचं, ज्याच्या ओळखीनं झाडपाल्याचं औषध आलं होतं. पन्नाशीचा, बोलायला सरळ. वंदनाही पारूबाईचा आधार घेऊन तिथं येऊन ओट्यावर बसली होती. आपल्यावरचा निकाल ऐकायला आल्यासारखी.

तो म्हणाला, "आक्का, तुम्ही मोठ्या. खरं सांगा. त्या मशीनीनं कुणी बरं झालेलं बघितलं का?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. खोटं बोलणं सोपं होतं.

"न्हाई," मी म्हणाले. "बरं कुणी व्हत न्हाई. जितं ऱ्हातंय. मी जिती हाय. ही हप्त्यातून दोनदा येत व्हती तवा ब्लाऊज शिवत व्हती, पोरीची वेणी घालीत व्हती. आता हिला हिथपर्यंत यायला हात धरावा लागला."

त्याच्या बायकोनं चहा आणून पुढं केला. मी घेतला. तो माणूस मान खाली घालून म्हणाला, "न्या. पण उद्या आवस हाय. आजारी माणसाला आवसंच्या तोंडावर घराबाहेर काढत न्हाईत. परवा न्या."

"परवा?" मी वंदनाकडं बघितलं. तिचे खांदे श्वासागणिक वर-खाली होत होते. तिला परवा नव्हता. मी बोलायला तोंड उघडलं.

आवाज आला नाही. आत हवा गेली नाही. छातीत पाणी बुडबुडत असल्याचं माझं मलाच ऐकू आलं. बशी हातातून कशी गेली कळलं नाही. मी पुढं वाकले, मातीत दोन्ही हात रोवले आणि माशासारखं तोंड उघडत-मिटत राहिले.

गाडीत

बायकांचा गलका झाला. कुणीतरी म्हणालं, आडवं करा, पाणी पाजा.

"पाणी नको!" वंदना ओरडली. एवढा आवाज तिच्यात कुठून आला देव जाणे. "आडवं नका करू... मरतील. बसती ठेवा. गाडी आणा."

मला गाडीत कोंबलं. सुरेखा पुढं बसून हॉस्पिटलला फोन लावत होती, बोटं चुकत होती. वंदना माझ्या शेजारी चढायला लागली तशी पारूबाईनं तिचा पदर धरला.

"आगं उद्या आवस..."

"आत्या, सरका. ह्यांना कसं धरायचं... ते फक्त मला ठावं हाय."

पारूबाईनं माझ्याकडं बघितलं. पाहुणी बाई, आपल्या भावकीच्या चहानं, आपल्या दारात मरायला टेकलेली. मग पदर सोडून तीही आत चढली.

त्या रस्त्याचं मला फार थोडं आठवतं. वंदनानं मला पाठीमागून कवेत धरून ताठ बसवलं होतं. तिचा श्वास माझ्या कानात, माझ्यासारखाच तुटका. दोघी बुडणाऱ्या बायका एकमेकींना धरून. मला काहीतरी सांगायचं होतं.

"बोलू नका," ती म्हणाली. "जन्मात एकदा... तोंड मिटून ऱ्हावा."

राजूर आलं तेव्हा पारूबाईनं चालत्या गाडीतूनच गणपतीकडं हात जोडले. काय मागितलं ते तिनं कधी सांगितलं नाही. पुढं रेल्वे फाटकासारखं काही नव्हतं, तरी गाडी थांबली. उसाच्या रसाच्या गाड्याभोवती वाहनं आडवी लावलेली. सुरेखा खाली उतरली. माझी ती हिशोबी, हळू बोलणारी सून रस्त्यात उभी राहून लोकांना अशी काही बोलली की मला दम असता तर मी तिला टोळीत घेतलं असतं. वाट झाली.

बांगड्या

मशीनला लावलं, नाकाला ऑक्सिजन. शेजारच्या खाटेवर डॉक्टरांनी वंदनाला आडवं केलं, म्हणजे बसवलंच. तिला बघून ते म्हणाले, हिला पण आत्ताच. सचिननं तिचा डावा हात हातात घेतला. बांगड्यांच्या वर बोट ठेवलं. मग कान लावला. त्याच्या कपाळावर आठी आली.

"गुणगुण लागत नाही. बांगड्यांनी आवळलंय. आधी ह्या काढा."

नर्सनं साबण लावून बघितलं. हात इतका सुजलेला की एकही बांगडी हलेना. "फोडाव्या लागतील," ती म्हणाली आणि चिमटा आणायला वळली.

"थांबा," पारूबाई म्हणाली.

मी मास्कच्या वरून बघत होते. मला वाटलं, बाई आता सुनेला उठवून घेऊन जाते. पोरगा जिता असताना सुनेच्या हातातली काच फुटू देणारी ती नव्हे. आमच्याकडं सवाष्णीची बांगडी फुटली तरी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात.

पारूबाई खाटेच्या कडेला बसली. सुनेचा हात आपल्या मांडीवर घेतला, वर पदर झाकला. पदराखाली काच कडकन वाजली.

"वाढवली," ती पुटपुटली.

पुन्हा कड. "वाढवली." ती एकेक करत गेली. एकीचा तुकडा तिच्याच अंगठ्यात घुसला. रक्त पदराला लागलं, पण ती थांबली नाही आणि वर बघितलं नाही. वंदना छताकडं बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी कानात जात होतं.

सगळी काच पदरात बांधून पारूबाई बाजूला झाली. सचिननं पुन्हा बोट ठेवलं. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडं. माझ्या मशीनचा अलार्म वाजत होता, तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. त्यानं हात जरा वर सरकवला, डोळे मिटले.

"आहे," तो म्हणाला. "बारीक आहे. पण आहे."

ती काय म्हणाली

दम पुरता परत आल्यावर मला वाटलं, आता वंदना माझा हात धरेल. काहीतरी गोड बोलेल. म्हाताऱ्या माणसाला हाव सुटत नाही. ती माझ्याकडं वळली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता.

"आक्का, तुम्ही मेल्या असत्या तर?"

"मेले न्हाई ना."

"मेल्या असत्या तर मी कसं जगायचं? माझ्यामुळं मेल्या म्हणून जन्मभर? ते वझं माझ्या डोक्यावर ठिवून जायचं व्हतं का तुम्हांला?" "मला धीर द्यायला पुन्हा मरायला येऊ नका."

मी जन्मभर बायकांना उभं केलं असं समजत होते. या पोरीनं एका वाक्यात माझी शिट्टी काढून घेतली. आज एवढं कळतं की दुसऱ्याला हात द्यायचा तर आधी आपले पाय जमिनीवर पाहिजेत. मी पाण्यात उडी मारून तिला काढायला गेले होते, आणि शेवटी तिलाच मला ओढून काढावं लागलं. तुमच्या घरात, वॉर्डात, कामावर कुणी खचलं असेल तर जा, जरूर जा. पण आपली बाटली बरोबर न्या, आणि कुणी चहाचा आग्रह केला तर सांगा, मला किडनीचा आजार आहे. मला हे चार शब्द त्या गावात एकाही घरात बोलता आले नाहीत. मला आजारी म्हणतील म्हणून.

बाळूला सगळं कळलं. तो माझ्याशी दोन दिवस बोलला नाही, सुरेखाशी त्याहून जास्त. सुरेखानं त्याला एवढंच सांगितलं, "मी अडवलं व्हतं. तुमच्या आईला तुम्ही अडवून बघा एकदा." नंतर तो माझ्या खोलीत आला आणि माझे पाय दाबत बसला. मध्येच अंगठा दाबून खड्डा पडतो का ते बघत होता.

पुढची पाळी

पुढच्या पाळीला मी सकाळीच जाऊन बसले. वंदनाची खाट रिकामी. एकदा मशीन लागली म्हणजे ती येतच राहील असं काही नसतं. त्या दिवशी भीतीनं आली होती. भीती उतरते. घरी गेल्यावर भावकी पुन्हा बोलते. त्या औषधवाल्याची पुडी कपाटात तशीच असेल.

सचिननं माझी सुई लावली. मी पंख्याकडं बघितलंच नाही, दाराकडं बघत राहिले. दुसरा एक पेशंट आला, तिच्या खाटेकडं बोट करून विचारलं, ही मोकळी हाय का? सचिन म्हणाला, थोडं थांबू. घड्याळाकडं बघितलं. पुन्हा थोडं थांबू म्हणाला. फोन माझ्या उशाशी होता. एक हात मशीनला, एक मोकळा. मोकळा हात दोनदा फोनकडं गेला आणि दोनदा मी तो मागं घेतला. पुन्हा मरायला येऊ नका, असं तिनंच सांगितलं होतं.

सचिन त्या नव्या पेशंटला म्हणाला, "या मग."

तेवढ्यात दार उघडलं. वंदना आली. घामाघूम, चप्पल हातात, पट्टा तुटलेला. मागं पारूबाई, अंगठ्याला चिंधी बांधलेली. वंदनानं माझ्याकडं बघितलं नाही. राग गेला नव्हता, तो चालण्यातच दिसत होता. तिनं चप्पल खाटेखाली टाकली, माझ्याकडं पाठ करून आडवी झाली आणि मोकळा, बोडका डावा हात सचिनपुढं केला.

मशीन सुरू झाली, आणि तिच्या नळीत लाल चढताना दिसलं तेव्हाच मी डोळे मिटले.